साडेपाच इंच

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब शेड, पुढच्या बाजूला साहेबांची काचेची केबिन आणि वर गच्ची. गच्चीवर जायला भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी होती. ती चढताना मी खाली बघत नसे. पण इथे ज्या भीतीबद्दल लिहितो आहे ती उंचीची नाही. ती मी दिवसाढवळ्या, जमिनीवर उभं राहून तीन दिवस बाळगली. तिच्यापायी एका माणसाचं जे व्हायचं थोडक्यात राहिलं, ते आठवलं की अजून तळहातांना घाम येतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. इंजिनिअर होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. वडील तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये शिपाई होते. घंटा द्यायची, स्टाफरूममध्ये चहा न्यायचा, भूगोलाच्या तासाला कपाटातला पृथ्वीचा गोल वर्गात नेऊन ठेवायचा आणि तास संपला की परत आणायचा, ही त्यांची कामं. मी सातवीत असताना तो गोल एकदा त्यांच्या हातून निसटला आणि दक्षिण अमेरिकेला पोचा पडला. वडिलांनी कुणाला सांगितलं नाही. कपाटात ठेवताना पोचा भिंतीकडे करायचे आणि वर्गात आणताना त्यावर तळहात धरायचे. दक्षिण अमेरिकेचा पाठ येईपर्यंत ते असंच चाललं. मी पहिल्या बाकावर बसायचो. मला तो तळहात दिसायचा आणि मी वहीत डोकं घालायचो.

त्याच शाळेतल्या मास्तरांनी मला पुस्तकं पुरवली, सुट्टीत गणितं सोडवून घेतली, कॉलेजच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. मुंबईत नोकरी लागल्याचं पत्र पोचलं तेव्हा वडिलांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ज्या खोलीत ते आयुष्यभर कप घेऊन गेले, त्याच खोलीत. हे मला मास्तरांनीच पत्राने कळवलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'तुझे वडील त्या दिवशी प्रथमच आमच्यासमोर खुर्चीत बसले.' वाकोल्याला दोन मित्रांबरोबर मी खोली घेतली होती. तिथे ते पत्र ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलं होतं. आनंदाचं पत्र, पण ते वाचायची मला भीती वाटायची. ही नोकरी गेली तर त्या खुर्चीचं काय होईल, असा विचार मनात यायचा.

आणि नोकरी जाणं सोपं होतं. मी सहा महिन्यांच्या परीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर होतो, महिनाअखेर पक्कं व्हायचं की नाही ते ठरणार होतं. माझ्या आधी जो ड्राफ्ट्समन होता त्याने एका ड्रॉइंगवर भोकं चुकीच्या जागी दाखवली होती. साहेबांनी त्याला दुपारी बोलावलं आणि संध्याकाळी त्याची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीवर मी बसत होतो.

साहेब मुळात वाईट नव्हते. मुलुंडहून रोज स्कूटरने यायचे, शेडमध्ये शिरतानाच बाह्या वर सारायचे. त्यांना अँटेनाचं वेड होतं. घरांवर लागतात ते साधे टीव्हीचे अँटेना बनवून कारखाना चालायचा, पण त्यांचं मन आकाशात होतं. एक दिवस विमानतळाजवळच्या एका हॉटेलचं काम त्यांनी आणलं. त्या हॉटेलात रशियन विमानांचे कर्मचारी मुक्कामाला असायचे. त्यांना खोलीत बसून त्यांच्या देशाचा टीव्ही बघायचा होता आणि बाकीच्या पाहुण्यांना आपला. हॉटेलने परवानगीचे कागद मिळवले होते.

अडचण अशी होती की, नेहमीची डिश एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघते. दुसरा हवा तर ती वळवायची. दोन उपग्रह एकदम हवे असतील तर दोन डिश, आणि हॉटेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमुळे जागा एकाच डिशपुरती. साहेबांनी परदेशी मासिकातला एक लेख कुठून तरी मिळवला होता. डिश नेहमीच्या आकाराची न करता गोलाचा तुकडा करायचा, मोसंबीच्या सालीचा काढावा तसा. गोल सगळीकडून सारखाच असतो. त्यामुळे डिश हलवायचीच नाही. ती एका जागी बसवायची आणि समोर वाकवलेल्या पाइपवर प्रत्येक उपग्रहासाठी एकेक शिंग लावायचं. शिंग म्हणजे पसरट तोंडाचं अॅल्युमिनियमचं नळकांडं. डिशवर आदळून गोळा झालेल्या लहरी ते पितं. आज दोन शिंगं, पुढेमागे तिसरं.

"हे इंडियात कोणी केलेलं नसेल," साहेब म्हणाले. खरं होतं की नाही मला माहीत नाही. "तू डिग्रीवाला आहेस. कॅल्क्युलेशन सगळं तुझं."

मी "हो सर" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

डिश घडवणार होते मिस्त्री. ते मालवणकडचे, वय पंचावन्नच्या पुढे, घाटकोपरच्या डोंगरावर राहायचे. वीस-बावीस वर्षं गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. दोन वर्षं मिळेल ते केलं आणि मग इथे लागले. डिशला ते कढई म्हणायचे, मला इंजिनेर. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, ड्रॉइंग बघायची इच्छाही नव्हती. त्यांची पद्धत वेगळी होती. प्रत्येक कामाला ते सागवानाची एक काठी घ्यायचे. मी माप मोठ्याने सांगायचं, ते काठीवर पटाशीने खाच पाडायचे आणि त्या खाचेशेजारी मी पेन्सिलीने सही करायची. मग ड्रॉइंग गेलं खड्ड्यात. काम पुरं होईपर्यंत त्या काठीशिवाय दुसरं माप ते मानत नसत. काम झालं की काठी भिंतीवर टांगली जायची. भिंतीवर अशा चाळीसेक काठ्या होत्या.

"गिरणीत कागद भिजता, फाटता, साहेब बदलता," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "काठी बदलत नाय."

तेव्हा मला ही पद्धत फार आवडली होती.

साचा करायला दीड महिना लागला. शेडच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीवर विटा-मातीचा उंचवटा, त्यावर प्लास्टर, मधोमध खुंटी आणि त्या खुंटीभोवती फिरणारी एक वक्र कापलेली फळी. मिस्त्री ती फळी तासन्‌तास फिरवायचे, ओलं प्लास्टर खरवडायचे, पुन्हा लावायचे. शेवटी साचा असा गुळगुळीत झाला की हात फिरवला तर हाताला कळायचं नाही आपण कुठे आहोत. त्यावर जाळी, फायबरग्लास आणि राळ चढवून बारा फुटांची कढई निघाली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना वडापाव खायला घातले.

माझं अवघड काम शिंगांच्या जागेचं होतं. आपला उपग्रह मधल्या शिंगावर. रशियाचा त्याच्या पूर्वेला, म्हणून त्याचं शिंग पाइपच्या पश्चिम बाजूला. यावर दोन दिवस वाद झाला. आमचा वेल्डर म्हणाला, "येडा झालास काय, पूर्वेचा माल पश्चिमेला कसा येईल?" मी बॅटरी नि आरसा आणून सगळ्यांना दाखवलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेमुळे मला वाटलं की अवघड ते सगळं पार पडलं. उरलेलं सोपं होतं. दोन उपग्रहांचे रेखांश माहीत होते. एकातून दुसरा वजा केला, सोळा अंश आले. सोळा अंश म्हणजे त्या पाइपवर साडेतेहेतीस इंच.

"बोल माप," मिस्त्री म्हणाले.

"मधल्यापासून साडेतेहेतीस."

"तेहेतीस नि अर्धो. घे, हंय सही कर."

मी सही केली. इंग्रजीत, शेपूट काढून, जशी कॉलेजात शिकलो होतो.

मंगळवारी गच्चीवर चाचणी झाली. डिश लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर बोल्टांनी घट्ट केलेली, पाइपवर दोन शिंगं, खाली स्टुलावर टीव्ही. आपला उपग्रह दहा मिनिटांत लागला. स्वच्छ चित्र, शेतीचा कार्यक्रम. साहेबांनी टाळी वाजवली. मग दुसऱ्या शिंगाची वायर जोडली.

मुंग्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"काय इंजिनेर साहेब," वेल्डर म्हणाला, "कुठाय रशियन बाई? मी आज दाढी करून आलोय."

सगळे हसले. अर्ध्या तासाने कोणी हसत नव्हतं. अॅम्प्लिफायर बदलून पाहिला, तो चांगला होता. रिसीव्हरवर सगळे चॅनेल फिरवून झाले. साहेब गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मग वळून म्हणाले, "रशियाचा सिग्नल डिशच्या वेस्ट साइडने येतो ना? तीच साइड बसलीय. मोल्ड बसलाय त्या कोपऱ्यात. जमीन खचली असणार."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, फळी एकच. सगळीकडे सारखीच फिरली. एकच बाजू कशी बसात?"

"मिस्त्री, सिग्नल खोटं बोलत नाही."

मिस्त्रींनी डिशच्या काठावरून हात फिरवला. साहेब 'जमीन खचली' म्हणाले त्याच क्षणी मला शाळेतला तो गोल डोळ्यांसमोर आला होता आणि त्याच्याबरोबर काहीतरी फार वाईट आठवल्यासारखं झालं होतं. काय ते अजून कळलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला एक वर्तुळ काढलं. ही पृथ्वी. दूर दोन ठिपके, हे उपग्रह. ठिपक्यांपासून रेषा काढल्या आणि माझी पेन्सिल आपसूक वर्तुळाच्या मध्यावर गेली. रेखांश असेच मोजतात. गोलावरच्या सगळ्या उभ्या फाकी मधल्या दांडीपाशी येऊन मिळतात. मी वर्षानुवर्षं तो गोल पाहिला होता, वडिलांच्या हातात, वर्गाच्या टेबलावर. सोळा अंश हे त्या मध्यातून पाहिलं तर सोळा. पण आमची डिश पृथ्वीच्या पोटात नव्हती. ती अंधेरीच्या गच्चीवर होती, वर, पृष्ठभागावर, उपग्रहांच्या काही हजार मैल जवळ. लांबून दोन माड एकमेकांना चिकटून दिसतात आणि जवळ जावं तसे फाकत जातात, तसंच. मी पुन्हा आकडे मांडले. साडेअठरा अंश. पाइपवर एकोणचाळीस इंचांहून किंचित कमी.

साडेपाच इंच. साचा बरोबर होता. मिस्त्री बरोबर होते. चुकली होती ती माझी वजाबाकी, आणि तिच्याशेजारी माझी सही होती.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. पहिला विचार मिस्त्रींचा आला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. पहिला विचार त्या खुर्चीचा आला, स्टाफरूममधल्या. मी कागदाचे आठ तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता खिशात घालून वाकोल्याला नेले.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा मी एकटा गच्चीवर गेलो. मनात एकच आशा होती, की माझं कालचं गणितही चुकलेलं असावं. रशियाच्या शिंगाचे चार बोल्ट सोडवले, ते जड नळकांडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि पाइपला लावून हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकवत गेलो. मान वळवून टीव्हीकडे बघत होतो. दोन इंच, मुंग्या. चार इंच, मुंग्या. मग मुंग्यांच्या आत कुणीतरी उभं असल्यासारखं दिसलं. आणखी थोडं सरकवलं.

एक बाई होती. टेबलामागे बसून काहीतरी वाचत होती. त्यांची रंगाची पद्धत वेगळी, म्हणून आमच्या टीव्हीवर ती काळी-पांढरी. केस घट्ट बांधलेले, गळ्यापर्यंत बटणं. तिच्या तोंडचा एक शब्द मला कळत नव्हता, तरी मला वाटलं की ही माझंच नाव घेऊन वाचते आहे. भारतात कदाचित पहिल्यांदाच एकाच न हलणाऱ्या डिशवर दोन उपग्रह एकदम आले होते. आणि ते ज्याने आणले तो चोरासारखा घामाने भिजला होता.

तेवढ्यात शिडी वाजली. साहेबांचा आवाज आला, "मिस्त्री, वर या, साइडनं दोरा लावून बघू."

मला तिथेच ओरडता आलं असतं, सर, आलं, चित्र आलं. पण मी ओरडलो नाही. मी पायाने टीव्हीची वायर ओढली, शिंग होतं तिथे, त्या चुकीच्या जागी परत नेलं आणि घाईने दोन बोल्ट पिळले. साहेबांचं डोकं गच्चीच्या काठावर दिसलं तेव्हा माझा तळहात शिंगावर होता. मी तो तळहात ओळखला.

"काय करतोस रे?"

"बोल्ट ढिले होते सर."

मग दोन तास त्यांनी डिशवर दोरे ताणून पाहिले. मिस्त्रींनी दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर इंजिनेर, तुझे डोळे तरणे," ते म्हणाले. "माका आताशा काय दिसता न काय नाय." दोरा कधी डिशला टेकायचा, कधी टेकायचा नाही. बारा फुटांवर केसाएवढा फरक कुणाला कळणार? मिस्त्री प्रत्येक वेळी म्हणायचे, "बरोबर आसा ना रे?" आणि मी म्हणायचो, "सांगता येत नाही मिस्त्री." या वाक्यातला एकेक शब्द मला अजून पाठ आहे.

गुरुवारी मिस्त्री डबा न उघडताच साच्यापाशी बसून राहिले. काठी घेऊन खुंटीपासून कडेपर्यंत मोजायचे, वळायचे, पुन्हा मोजायचे. मी टेबलावरून बघत होतो. एकदा मी उठलोही. अर्ध्या वाटेवर वेल्डर भेटला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्याची वाट लागली यार. साहेब म्हणतात, नवा मोल्ड बाहेरच्या पार्टीकडून करून घेणार. मग ह्याला कशाला ठेवतील?"

"असं म्हणाले साहेब?"

"मग काय मी म्हणतोय?"

मी परत टेबलाशी जाऊन बसलो. समोरचे आकडे दिसत नव्हते. मी स्वतःला समजावत होतो की पक्कं होईपर्यंत थांबावं, दहा-बारा दिवसांचा प्रश्न, मग सांगू, मिस्त्रींना तोवर कोणी काढत नाही. भीती माणसाला फार हुशार करते. माझ्या सगळ्या शिक्षणात मी इतकी पटणारी कारणं कधी शोधली नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी शेडमध्ये शिरलो तेव्हा मागच्या कोपऱ्यात सगळे गोळा झाले होते. साहेबांनी साचा फोडायला सांगितला होता. जागा हवी होती आणि बसलेल्या साच्यातून पुढचं काम काढायचं नव्हतं. फोडायला दुसरे दोघे होते, पण मिस्त्रींनी घण कुणाला दिला नाही. "माझो हा," ते म्हणाले, "मीच फोडतलंय."

त्यांनी साच्याला हात लावून कपाळाला लावला आणि पहिला घाव काठावर घातला. फार जोराचा नव्हता. तळहाताएवढं प्लास्टर उडून माझ्या पायाशी आलं.

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मग मी खरंच किंचाळलो, "थांबा मिस्त्री! साचा बरोबर आहे. माप चुकलंय. माझं."

घण वर होता तो तसाच राहिला. मी बोलत सुटलो, पृथ्वीचा मध्य, गच्ची, सोळा, साडेअठरा, एकोणचाळीस इंच, बुधवारी चित्र आलं होतं, सगळं उलटसुलट. कुणाला काय कळलं देव जाणे. साहेबांना कळलं. त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"बुधवारी आलं होतं?" ते म्हणाले. "आज कुठला वार?"

"शुक्रवार सर."

"चूक समजतो मी. ड्रॉइंगवर 'चेक्ड बाय' म्हणून माझी सही आहे, मी पण गाढवच. पण तू चित्र बघितलंस आणि बोल्ट परत पिळलास?" ते थांबले. "माझ्याशी नंतर बोल. आधी त्यांच्याशी बोल."

मिस्त्रींनी घण हळूच खाली ठेवला. मी त्यांच्याजवळ गेलो, पायाला हात लावायला वाकलो. ते मागे सरकले.

"तुका म्हायत होता?" ते म्हणाले. "दोरो धरलंस तेव्हा म्हायत होता?"

"हो."

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्यांचा चेहरा वेगळाच झाला. भीती माणसाच्या अंगातून उतरते तेव्हा तो म्हातारा दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं.

"तीन दिवस माका भात गोड लागाक नाय रे," ते म्हणाले. "माका वाटला डोळे गेले. वाटला, आता हात पण गेले. आता परत घराकडे काय सांगू? एकदा सांगून झाला होता, गिरणी सुटली म्हणून." ते खाली वाकले, माझ्या पायाशी पडलेला प्लास्टरचा तुकडा उचलला आणि उलटा करून बघितला. "मेल्या, तू पण भियालंस काय?"

"हो."

"मग माका सांगूचा होता. दोघा मिळून भियालो असतो."

वेल्डरसुद्धा हसला नाही.

साहेबांनी मला काढलं नाही. परीक्षेचा काळ सहा महिन्यांनी वाढवला आणि म्हणाले की पुढची सगळी गणितं त्यांच्यासमोर बसून, तोंडाने बोलत करायची. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण भीती गेली नाही. ती पुढे कित्येक महिने शेडच्या दारापाशी माझी वाट बघत उभी असायची.

त्याच दुपारी पाइपवर नवी जागा आखायची होती. मिस्त्रींनी काठी आणली, पण पटाशी आणली नाही.

"खाच?" मी विचारलं.

"आधी चित्र. मग खाच."

आजवर त्यांनी सही झाल्याशिवाय काम केलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी पद्धत उलटी केली, आणि का ते मला विचारावं लागलं नाही. वेल्डरने पट्टी कापली, नवीन जागी जोडली, शिंग बसलं. साहेबांनी वायर लावली. या वेळी बाई नव्हती. बर्फातून एक ट्रॅक्टर चालला होता आणि कुणीतरी मागून बोलत होतं. शेजारच्या दुसऱ्या टीव्हीवर आपल्याकडच्या बातम्या चालू होत्या. दोन देश, एक कढई, काहीही हलत नव्हतं. साहेब मोठ्याने "झकास!" म्हणाले आणि लगेच माझ्याकडे बघून गप्प झाले.

मिस्त्री शिडी चढून आले नव्हते. मी खाली गेलो. ते साच्याच्या काठावर ओलं प्लास्टर भरत होते. ती जागा त्यांनी चांगली घासली, पण पूर्ण जुळली नाही. पुढे त्या साच्यातून जितक्या डिश निघाल्या, त्या सगळ्यांच्या पश्चिम काठाशी तळहाताएवढी एक खरबरीत जागा राहिली. सिग्नलला तिचा काही त्रास नव्हता.

"आलं मिस्त्री," मी म्हणालो.

त्यांनी हात पुसले, काठी घेतली, साडेतेहेतीसच्या पुढे मोजून एकोणचाळीसच्या जरा अलीकडे खाच पाडली. जुनी खाच बुजवली नाही. मग काठी माझ्यापुढे धरली. मी सही केली, या वेळी मराठीत. पेन्सिल परत द्यायला लागलो तर ते घेईनात.

"खंयसून मोजलंस, ता पण लिव," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

मी नव्या खाचेखाली लिहिलं, 'गच्चीवरून'. त्यांनी काठी तोंडाजवळ नेऊन, डोळे बारीक करून तो शब्द एकेक अक्षर लावत वाचला आणि मग ती भिंतीवर टांगली.